विश्लेषण : जपानच्या नोकरी करारात ‘गिमु’ नेमके कुणावर? सहीपूर्वी ओळखायला हवेत हे शब्द

जपानमध्ये नोकरीसाठी जाणाऱ्यांची परीक्षा होते ती रोजच्या बोलण्यापुरत्या जपानीची. सही मात्र करावी लागते कायद्याच्या जपानीतील करारावर. बंधन, देणे, जबाबदारी, प्रयत्न आणि दंड यांसाठी त्या भाषेत वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत येताना या सगळ्यांचे ‘बंधनकारक’ असे एकच भाषांतर झाले, तर नुकसान सही करणाऱ्याचे होते.

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे जन्मलेल्या विनोबांनी पुढे अनेक भाषा आत्मसात केल्या. त्यांनी जपानीचाही अभ्यास केला होता. जपानीची वाक्यरचना भारतीय भाषांसारखी आहे आणि ही भाषा नागरी लिपीत लिहिता येऊ शकेल, असे त्यांचे मत होते. या निरीक्षणाचा आज वेगळाच उपयोग होऊ शकतो. जपानी वाक्यात मराठीसारखेच क्रियापद शेवटी येते आणि करारातील बंधन किती पक्के आहे, हे त्या शेवटच्या क्रियापदावरच ठरते.

हा विषय आताच महत्त्वाचा का?

जपानची लोकसंख्या घटत आहे आणि वृद्धांचे प्रमाण वाढत आहे. त्यामुळे रुग्णसेवा, शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया, हॉटेल अशा क्षेत्रांत तिथे मनुष्यबळाची टंचाई आहे. तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेसाठी भारत आणि जपान यांच्यात २०१७ मध्ये सहकार्य करार झाला. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ या प्रवर्गासाठी करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या जपान दौऱ्यात जाहीर झालेल्या कृती आराखड्यानुसार पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांची ये-जा व्हावी, असे उद्दिष्ट आहे. त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल आणि होतकरू उमेदवारांचा समावेश आहे.

विशिष्ट कुशल कामगार म्हणून जाण्यासाठी साधारणपणे कामाची कौशल्य परीक्षा आणि जपानीची ‘एन-४’ किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. जपानी भाषेच्या परीक्षेत ‘एन-५’ ही सर्वात सोपी आणि ‘एन-१’ ही सर्वात कठीण पातळी. म्हणजे ‘एन-४’ ही खालून दुसरी पायरी. या पातळीवर दुकानात, स्टेशनवर, कामाच्या जागी साधा संवाद करता येतो. कराराची भाषा त्याच्या बरीच पुढची असते. परीक्षेची जपानी आणि सहीची जपानी यांमधल्या या अंतरातच फसगत होण्याची शक्यता असते.

वाक्याचा शेवट काय सांगतो?

जपानी कायद्यांत आणि करारांत साधारण पाच-सहा ठरावीक शेवट पुन्हा पुन्हा येतात. ते ओळखता आले तरी अर्धे काम होते.

‘नाकेरेबा नारानाइ’ हा सर्वात पक्का शेवट. शब्दशः अर्थ ‘न केल्यास चालणार नाही’. मराठीतल्या ‘केल्याशिवाय चालायचे नाही’ याचे हे जवळपास जुळे भावंड. हा शेवट दिसला की ते काम टाळता येत नाही.

‘ते वा नारानाइ’ म्हणजे ‘करून चालणार नाही’. ही मनाई. कंपनीने काय करू नये आणि कामगाराने काय करू नये, हे याच शेवटाने सांगितले जाते.

‘मोनो तो सुरु’ हा दिसायला सौम्य शेवट आहे. साधारण अर्थ ‘असे करायचे’. पण करारात तो बांधून ठेवतो. आपल्याकडच्या भाडेकरारात ‘भाडेकरू दरमहा ५ तारखेपर्यंत भाडे देईल’ असे लिहिलेले असते. ‘देईल’ हे नुसते भविष्यकाळी रूप वाटले तरी ते बंधन असते. ‘मोनो तो सुरु’चेही तसेच आहे.

‘कोतो गा देकिरु’ म्हणजे ‘करता येईल’. यात अधिकार किंवा मुभा आहे, सक्ती नाही.

‘कोतो गा आरु’ म्हणजे ‘कधी तसे होऊ शकते’. सर्वाधिक गैरसमज याच शेवटामुळे होण्याजोगे आहेत. ‘बोनस दिला जाईल’ आणि ‘बोनस दिला जाऊ शकतो’ यांतला फरक हाच. वाक्य ‘कोतो गा आरु’ने संपत असेल, तर बोनसचे ते आश्वासन नाही.

मात्र याच शेवटाची दुसरी बाजूही आहे. ‘कंपनी बदलीचा आदेश देऊ शकते’ असे वाक्य असेल, तर ‘शकते’ हा शब्द कंपनीला मुभा देतो आणि कामगारावर तो आदेश पाळण्याची वेळ आणतो. एकाची मुभा ही दुसऱ्याचे बंधन ठरू शकते. त्यामुळे क्रियापदाबरोबर कर्ता कोण, हेही पाहावे लागते. मराठीप्रमाणे जपानीतही कर्ता अनेकदा गाळला जातो. तो वाक्यात नसेल तर ‘हे कुणी करायचे?’ असा थेट प्रश्न विचारणे हाच उपाय.

गिमु, साइमु आणि सेकिनिन यांत फरक काय?

‘गिमु’ म्हणजे कर्तव्य किंवा कायद्याने घातलेले बंधन. हा शब्द दोन चिन्हांचा आहे. पहिल्याचा अर्थ न्याय, योग्य ते. दुसऱ्याचा अर्थ काम, सेवा. त्याच्या समोरचा शब्द ‘केन्री’, म्हणजे हक्क. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेजी काळात जपानने युरोपीय कायदे, विशेषतः फ्रेंच कायदे भाषांतरित करायला घेतले. तेव्हा ‘केन्री’ आणि ‘गिमु’ ही जोडी कायद्याच्या भाषेत रुळली. ३ मे १९४७ रोजी लागू झालेल्या जपानच्या राज्यघटनेत नागरिकांची तीन कर्तव्ये सांगितली आहेत : मुलांना शिक्षण देणे, काम करणे आणि कर भरणे. या तिन्हींसाठी ‘गिमु’ हाच शब्द आहे.

‘साइमु’ म्हणजे एका ठरावीक व्यक्तीला किंवा संस्थेला काही देणे लागणे. यातले पहिले चिन्ह कर्जाचे, देण्याचे आहे. कर भरणे हा गिमु, तर घेतलेले कर्ज फेडणे हा साइमु. रायगडकरांच्या रोजच्या पाहण्यातले उदाहरण अटल सेतूचे. शिवडी ते न्हावाशेवा या पुलासाठी ‘जायका’ या जपानी संस्थेने कर्ज दिले. ते फेडण्याचे कर्जदार यंत्रणेवरचे दायित्व म्हणजे साइमु. पण साइमु फक्त पैशांचा नसतो. नोकरीच्या करारात ठरलेले काम करणे हा कामगाराचा साइमु आणि ठरलेला पगार देणे हा कंपनीचा. ठरल्याप्रमाणे न वागणे म्हणजे ‘साइमु फुरिको’. त्यातून भरपाईचा, म्हणजे ‘सोनगाइ बाइशो’चा प्रश्न उभा राहतो. ही तरतूद जपानच्या दिवाणी संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे.

‘सेकिनिन’ म्हणजे जबाबदारी. काही बिघडले तर जाब कुणी द्यायचा, हे हा शब्द सांगतो. बोलण्यात तो सर्रास वापरला जातो. ‘सेकिनिन घ्या’ असे वरिष्ठांनी म्हटले म्हणजे लगेच भरपाई द्यावी लागते, असे नाही. कायदेशीर सेकिनिन कोणत्या कलमातून येतो, हे पाहावे लागते.

‘प्रयत्न करण्याचे कर्तव्य’ हा काय प्रकार आहे?

जपानी कायद्याची ही खास पायरी. तिला ‘दोर्योकु गिमु’ म्हणतात. ‘दोर्योकु’ म्हणजे प्रयत्न. अशा वाक्यात ‘त्सुतोमेरु’, म्हणजे ‘झटणे’, हे क्रियापद येते. काम पूर्ण केलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. त्यासाठी प्रयत्न केला पाहिजे, इतकेच म्हणतो. प्रयत्न केला नाही म्हणून सहसा थेट दंड होत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून जपानमध्ये सर्व वयाच्या सायकलस्वारांसाठी हेल्मेट हे दोर्योकु गिमु झाले. न घातल्यास दंड नाही. दुसरे उदाहरण नोकरीचे. वयाच्या ६५ वर्षांपर्यंत कामाची संधी उपलब्ध ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. एप्रिल २०२१ पासून ७० वर्षांपर्यंत संधी देण्यासाठी प्रयत्न करणे हेही त्यांचे कर्तव्य ठरले. पहिला गिमु, दुसरा दोर्योकु गिमु.

मग हा शब्द निव्वळ शोभेचा आहे का? तसेही नाही. १९८५ मध्ये जपानने स्त्री-पुरुष समान रोजगार संधी कायदा केला. त्यात भरती आणि बढतीत स्त्रियांना समान वागणूक देणे हे सुरुवातीला केवळ प्रयत्नाचे कर्तव्य होते. १९९७ च्या दुरुस्तीने त्याची थेट मनाई झाली आणि ती १९९९ पासून लागू झाली. आधी समाजाला सवय लावायची आणि मग सक्ती करायची, अशी ही वाट आहे. मात्र सक्ती येईपर्यंतची १३-१४ वर्षे ज्या स्त्रियांना बढती नाकारली गेली, त्यांच्या हातात ‘प्रयत्न करा’ एवढेच शब्द होते.

म्हणून करारात ‘कंपनी चांगली निवासव्यवस्था देण्यासाठी प्रयत्न करील’ असे असेल, तर घर मिळालेच असे समजू नये. दिले जाणार आहे काय, भाडे किती आणि ते पगारातून कापणार का, हे वेगळे लिहून घ्यावे.

‘गिरी’ कायद्यात बसते का?

नाही. ‘गिरी’ म्हणजे सामाजिक भीड, उपकाराची परतफेड करण्याची नैतिक जाणीव. ‘ओन’ म्हणजे मिळालेला उपकार किंवा त्याचे ऋण. मातृऋण, पितृऋण मानणाऱ्या मराठी घरांना ही कल्पना परकी नाही. व्हॅलेंटाइन दिनाला जपानमध्ये सहकाऱ्यांना रिवाज म्हणून दिल्या जाणाऱ्या चॉकलेटलाही ‘गिरी’चे चॉकलेट म्हणतात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ च्या आपल्या पुस्तकात ओन, गिमु आणि गिरी यांची मांडणी केली आणि हे शब्द जपानबाहेर पोहोचले.

नोकरीत याचा संबंध असा येतो : ‘आम्ही तुला इथे आणले, शिकवले, आता तू सोडून जाऊ शकत नाहीस’ असे कुणी म्हणाले, तर ती गिरीची भाषा झाली. तिचा मान ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण गिरी मोडली म्हणून दंड वसूल करता येत नाही. कायद्यात बंधन आहे का, हे तपासायचे तर गिमु किंवा साइमु कोणत्या कलमात आहे, ते दाखवायला सांगावे.

नोकरी मध्येच सोडल्यास बाँडचे पैसे भरावे लागतात का?

भारतात बाँडची सवय आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या दोन लाख रुपयांच्या बाँडची अट वैध ठरवली. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दलचा तो बाँड होता. त्यामुळे जपानच्या करारातही तसे काही असणारच, असे गृहीत धरले जाते.

जपानचा १९४७ चा श्रम मानक कायदा मात्र इथे उलट दिशेने जातो. त्याच्या कलम १६ नुसार नोकरीचा करार मोडल्याबद्दल दंडाची किंवा भरपाईची रक्कम आधीच ठरवून ठेवता येत नाही. अशा रकमेला ‘इयाकुकिन’ म्हणतात. ‘दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास पाच लाख येन’ अशी अट कंपनीने घातली, तर ती या कलमाच्या विरोधात जाते. कलम १७ नुसार कामाच्या अटीवर दिलेली उचल पगारातून वळती करून घेता येत नाही. कायद्यापेक्षा कमी दर्जाच्या अटी त्या भागापुरत्या रद्द ठरतात, असे कलम १३ सांगते. म्हणजे सही केली तरी अशी अट टिकत नाही.

यात दोन बारकावे आहेत. एक, रक्कम आधी ठरवायला मनाई आहे. प्रत्यक्ष नुकसान झाले तर त्याची भरपाई मागायला नाही. दोन, प्रशिक्षणाचा खर्च ‘कर्ज’ म्हणून दाखवला असेल, तर ते खरोखर कर्ज आहे की दुसऱ्या नावाचा दंड, हे जपानी न्यायालये प्रकरण पाहून ठरवतात. म्हणून प्रशिक्षणाच्या नावाखाली वेगळ्या कागदावर सही मागितली, तर तो कागद मुख्य कराराइतकाच नीट वाचावा लागतो.

अनामत रकमेला ‘होशोकिन’ म्हणतात. विशिष्ट कुशल कामगार प्रवर्गाच्या निकषांनुसार उमेदवाराकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून अशी अनामत घेतलेली नसावी आणि दंडाचा करारही केलेला नसावा. घरच्यांनी शेत किंवा दागिने गहाण ठेवून अनामत भरली असेल, तर हा निकष त्यांच्याच बाजूचा आहे.

भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून कमाल ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकेच घेता येते. नोंदणी खरी आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पाहता येते.

कंपनीवर कोणते गिमु असतात?

करार वाचताना नजर ‘मला काय करावे लागेल’ याकडे जाते. प्रत्यक्षात नोकरीच्या कायद्यात कंपनीवरच्या बंधनांची यादी मोठी आहे.

श्रम मानक कायद्याच्या कलम १५ नुसार पगार, कामाचे तास आणि इतर अटी कंपनीने स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. कलम २४ नुसार पगार थेट कामगाराला, पूर्ण, महिन्यातून किमान एकदा आणि ठरलेल्या तारखेला दिला पाहिजे. कलम ३ नुसार राष्ट्रीयत्वावरून पगारात किंवा कामाच्या अटींत भेदभाव करता येत नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी ‘शूग्यो किसोकु’, म्हणजे कामाची नियमावली असावी लागते आणि ती कामगारांना पाहायला मिळाली पाहिजे.

‘आनझेन हाइर्यो गिमु’ म्हणजे कामगाराच्या सुरक्षिततेची काळजी घेण्याचे कर्तव्य. हा शब्द आधी कायद्यात नव्हता. १९७५ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे कर्तव्य मान्य केले आणि २००७ च्या श्रम करार कायद्याच्या कलम ५ मध्ये ते लिहिले गेले. त्यामुळे करारात सुरक्षिततेचे वाक्य नसले तरी हे कर्तव्य कंपनीवर असतेच.

विशिष्ट कुशल कामगारांच्या पहिल्या प्रवर्गासाठी तर मदतीचेही दोन भाग आहेत : ‘गिमुतेकि शिएन’, म्हणजे द्यावीच लागणारी मदत, आणि ‘निन-इतेकि शिएन’, म्हणजे ऐच्छिक मदत. द्यावयाच्या मदतीत दहा बाबी येतात. निघण्यापूर्वी समजेल अशा भाषेत माहिती देणे, विमानतळावरून ने-आण, घर मिळवण्यास साहाय्य, सरकारी कामांसाठी सोबत जाणे, जपानी शिकण्याची संधी, तक्रार ऐकणे आणि किमान तीन महिन्यांतून एकदा भेटून विचारपूस करणे या त्यातल्या काही. कंपनीच्या कारणाने नोकरी गेली, तर दुसरी शोधायला मदत करणे हेही त्यात आहे. या सक्तीच्या मदतीचा खर्च कामगारावर टाकता येत नाही.

कामगारावर कोणते गिमु असतात?

कामगारावरची बंधनेही खरी आहेत आणि ती न पाळल्यास दंड होऊ शकतो. दंडाच्या तरतुदीला ‘बास्सोकु’ आणि दंडाच्या रकमेला ‘बाक्किन’ म्हणतात.

‘झाइर्यू कादो’, म्हणजे निवास कार्ड, १६ वर्षांवरील परदेशी व्यक्तीने कायम जवळ बाळगावे लागते. ते जवळ नसल्यास दोन लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. पत्ता बदलल्यास १४ दिवसांत नव्या ठिकाणच्या नगरपालिकेत नोंद करावी लागते. नोकरी सुटली किंवा कंपनी बदलली, तरी १४ दिवसांत इमिग्रेशन विभागाला कळवावे लागते. या कळवण्याला ‘तोदोकेदे’ म्हणतात. परवानगी नसलेले जोडकाम करता येत नाही. कर, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन यांची वर्गणी चुकवता येत नाही.

‘शुहि गिमु’ म्हणजे गोपनीयता राखण्याचे कर्तव्य. कारखान्यातली यंत्रे किंवा रुग्णालयातले रुग्ण यांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणे या कर्तव्याला बाधा आणू शकते. पण आपल्या पगाराची किंवा छळाची तक्रार सरकारी यंत्रणेकडे करण्यापासून शुहि गिमु कुणाला रोखत नाही.

पासपोर्टबाबत उलट बंधन आहे. तांत्रिक प्रशिक्षणार्थींचा पासपोर्ट किंवा निवास कार्ड आपल्या ताब्यात ठेवण्यास त्या योजनेच्या कायद्यातच मनाई आहे. ‘सुरक्षित राहावा म्हणून ऑफिसात ठेवतो’ या कारणाने ती मनाई उठत नाही.

भाषांतरात काय हरवते?

बहुतेक उमेदवारांपर्यंत करार दोन टप्प्यांत पोहोचतो. जपानीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून तोंडी मराठी किंवा हिंदी. इंग्रजीत गिमु आणि साइमु या दोन्हींसाठी ‘ऑब्लिगेशन’ हा एकच शब्द अनेकदा वापरला जातो. तिथून मराठीत ‘बंधनकारक’ होते. दोर्योकु गिमुमधला ‘प्रयत्न’ वाटेत गळला, तर तो नुसता ‘गिमु’ वाटतो. ‘कोतो गा आरु’चे ‘मिळेल’ झाले, तर आश्वासन नसलेली गोष्ट आश्वासन बनते.

जपानच्या न्याय मंत्रालयाने २००९ पासून कायद्यांच्या इंग्रजी भाषांतरांचे संकेतस्थळ चालवले आहे आणि तिथे कायद्याच्या शब्दांचा प्रमाण कोशही आहे. मात्र ही भाषांतरे समजण्यापुरती. कायदा म्हणून मूळ जपानी मजकूरच धरला जातो. करारातही ‘मतभेद झाल्यास जपानी मजकूर ग्राह्य’ अशी अट असू शकते. तशी अट असेल, तर मराठीत सांगितलेल्या गोष्टींना वादाच्या वेळी फारसा आधार उरत नाही.

इथे मराठी वाचकाची एक सोय आहे. इंग्रजीत सक्तीचा शब्द वाक्याच्या मध्ये येतो. जपानीत आणि मराठीत तो शेवटी येतो. जपानी वाक्य नागरीत लिहून घेतले, तरी शेवटचे दोन-तीन शब्द लगेच ओळखता येतात. पुण्यात जपानी शिकवण्याची जुनी परंपरा आहे आणि आता राज्यात इतरत्रही वर्ग चालतात. व्याकरणाच्या तासाला ‘नाकेरेबा नारानाइ’ शिकवले जातेच. तेच वाक्य करारात शोधायला शिकवण्यास वेगळा खर्च येत नाही.

२०२७ पासून काय बदलणार?

तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेत कंपनी बदलण्याची मुभा तत्त्वतः नव्हती. कंपनीशी पटले नाही तर सहन करणे किंवा परतणे, एवढेच पर्याय अनेकांसमोर राहत. या योजनेवर जपानमध्येही बरीच टीका झाली. तिच्या जागी ‘इकुसेइ शूरो’, म्हणजे ‘घडवत रोजगार’ ही नवी व्यवस्था आणणारा कायदा जून २०२४ मध्ये संमत झाला. ती १ एप्रिल २०२७ पासून लागू होणार आहे. त्यात क्षेत्रानुसार एक ते दोन वर्षांनंतर, कौशल्याच्या आणि भाषेच्या अटी पूर्ण केल्यास, स्वतःच्या इच्छेने कंपनी बदलता येईल. म्हणजे जिथे ‘ते वा नारानाइ’ होते, तिथे ‘कोतो गा देकिरु’ येत आहे. आपला करार कोणत्या योजनेखालचा आहे, हे त्यामुळेच सहीपूर्वी विचारायला हवे.

अडचण आल्यास दाद कुठे मागावी?

पगार, कामाचे तास, दंड यांसाठी स्थानिक श्रम मानक निरीक्षण कार्यालय आहे. त्याला ‘रोदो किजुन कानतोकुशो’ म्हणतात. परदेशी कामगारांसाठी इंग्रजीसह अनेक भाषांत दूरध्वनी सल्लाही उपलब्ध असतो. ‘होतेरासु’ ही संस्था कायदेशीर माहिती देते आणि कायदेशीर वास्तव्य असलेल्या, उत्पन्नाच्या निकषात बसणाऱ्या परदेशी व्यक्तींना वकिलाच्या खर्चासाठी साहाय्य करते. भारताचा दूतावास टोकियोत आणि वाणिज्य दूतावास ओसाकात आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

सहीपूर्वी काय तपासावे?

• प्रत्येक कलमात कर्ता कोण : कंपनी, कामगार की एजंट?
• वाक्याचा शेवट कोणता : ‘नाकेरेबा नारानाइ’, ‘मोनो तो सुरु’, ‘त्सुतोमेरु’ की ‘कोतो गा आरु’?
• ‘इयाकुकिन’ किंवा ‘होशोकिन’ हे शब्द कुठे आहेत का? वेगळ्या कागदावर, वडिलांच्या किंवा जामीनदाराच्या सहीसह आहेत का?
• पगाराचा आकडा कपातीपूर्वीचा की हातात येणारा? भाडे, वीज, विमा यांची कपात किती?
• कोणत्या भाषेतील मजकूर ग्राह्य धरणार?
• सही केलेली प्रत, जपानी मजकुरासह, स्वतःकडे आहे का? तिचा फोटो घरी पाठवला आहे का?

या यादीतले पहिले दोन प्रश्न विचारायला ‘एन-१’ पातळी लागत नाही. एजंटसमोर बसलेल्या उमेदवाराने प्रत्येक कलमावर बोट ठेवून ‘हे कुणी करायचे आणि शेवटचा शब्द कोणता?’ एवढे विचारले आणि उत्तर नागरीत लिहून घेतले, तरी गिमु कुणावर आहे, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते. उत्तर द्यायला समोरचा टाळाटाळ करत असेल, तर त्या दिवशी सही न करणे शहाणपणाचे. सही करण्याचा गिमु कुणावरही नसतो.